तंबोऱ्याची जोड आणि तबल्याचं तिरकिट: फिल्टर बँकेत वेळ किती ठेवायचा, स्वर किती ठेवायचा

तंबोऱ्याची जोड मिळवणारा माणूस कधी घाई करत नाही. एक तार छेडतो, दुसरी छेडतो आणि थांबतो. दोन स्वर एकमेकांवर हेलकावे घेतात. हेलकावा सेकंदाला तीनदा असेल तर लगेच कळतो. मणी किंचित सरकवला की तो मंदावतो, सेकंदाला एकदा होतो, मग दोन सेकंदांत एकदा. फरक जितका कमी राहतो, तितकं जास्त वेळ कान लावून बसावं लागतं. दोन तारांत अर्ध्या हर्ट्झचा फरक आहे की नाही, हे ठरवायला साधारण दोन सेकंद लागतातच. तेवढ्या वेळात एक तार दुसरीपेक्षा बरोबर एक कंपन पुढे जाते. त्याआधी दोघी जवळजवळ सारख्याच वाटतात.

संगणकावरच्या फिल्टर बँकेला, म्हणजे आवाज वारंवारितेच्या पट्ट्यांत वेगळा करणाऱ्या गाळण्यांच्या संचाला, हेच बंधन आहे. दोन जवळच्या वारंवारिता वेगळ्या करायच्या असतील, तर त्यांच्यातल्या फरकाला उलटं केल्यावर जो वेळ येतो, निदान तेवढा वेळ सिग्नल पाहावा लागतो. तेवढा वेळ पाहिलं की त्या वेळात काय कधी घडलं, हे पुसट होतं. डेनिस गॅबॉर यांनी १९४६ साली हे गणितात बसवलं: वेळेतला पसारा आणि वारंवारितेतला पसारा प्रमाण विचलनाने मोजले, तर त्यांचा गुणाकार १ भागिले ४π, म्हणजे सुमारे ०.०८, याच्या खाली जाऊ शकत नाही. सिग्नलचा एका वेळी पाहायचा तुकडा कापणारा साचा म्हणजे विंडो. घंटेच्या आकाराची गाउसियन विंडो नेमकी त्या सीमेवर बसते. बाकी सगळ्या विंडो तिच्या वरच राहतात.

हा लेख त्या सूत्राबद्दल कमी आणि ते हाताशी असताना काय करायचं याबद्दल जास्त आहे. उदाहरण एकच धरतो: ख्यालगायनाच्या रियाजाचं ध्वनिमुद्रण, त्यात गायक, तंबोरा, हार्मोनियम आणि तबला. षड्ज काळी एक, म्हणजे १३८.५९ हर्ट्झ. खर्ज त्याच्या निम्म्यावर, ६९.३ हर्ट्झ. नमुनादर, म्हणजे आवाजाची किती मोजमापं घेतली तो दर, सेकंदाला ४४,१००. असं ध्वनिमुद्रण मी पहिल्यांदा उघडलं तेव्हा एकाच स्पेक्ट्रोग्रामवरून (वेळ आडवी आणि वारंवारिता उभी दाखवणाऱ्या चित्रावरून) तबल्याचे बोलही मोजायचे आणि कोमल रिषभ कुठे लागला तेही पाहायचं, असा हट्ट धरून दोन दिवस घालवले. बोल नीट दिसले की रिषभ षड्जात बुडायचा आणि रिषभ सुटा झाला की तिरकिटाचा एकच चिखल व्हायचा. चूक आकड्यांत नव्हती. दोन वेगळे प्रश्न मी एकाच विंडोला विचारत होतो.

पायरी १: आधी प्रश्न आकड्यांत लिहा

सॉफ्टवेअर उघडण्याआधी कागदावर दोनच गोष्टी लिहा. काय काय वेगळं दिसायला हवं, आणि त्यांच्यातलं अंतर किती मिलिसेकंद किंवा किती हर्ट्झ आहे.

तबल्यापासून सुरुवात करू. मिनिटाला ३०० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा २०० मिलिसेकंदांची होते. तिच्यात ‘ति-र-कि-ट’ हे चार बोल बसवले तर दोन बोलांत ५० मिलिसेकंद उरतात. हा झाला वेळेचा प्रश्न.

आता हार्मोनियम आणि तंबोरा. जवारी नीट लागली की तंबोऱ्यातून स्वयंभू गंधार ऐकू येतो. जोडीच्या तारेचा तो पाचवा हार्मोनिक (मूळ वारंवारितेच्या पूर्णांक पटीतला अधिस्वर), १३८.५९ च्या पाचपट, म्हणजे ६९२.९६ हर्ट्झ. सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेल्या हार्मोनियमचा गंधार १७४.६१ हर्ट्झवर येतो आणि त्याचा चौथा हार्मोनिक ६९८.४६ वर. दोघांत ५.५ हर्ट्झचं अंतर आहे, म्हणजे जेमतेम १४ सेंट (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). हार्मोनियमचा गंधार तंबोऱ्याशी भांडतो, असं गायक म्हणतात, ते भांडण सेकंदाला साडेपाच वेळा होतं.

तिसरा प्रश्न कोमल रिषभाचा. तो षड्जाच्या १६/१५ पट धरला तर १४७.८ हर्ट्झवर येतो. तंबोऱ्याचा षड्ज त्याच्या खाली फक्त ९.२ हर्ट्झवर सतत वाजतो आहे.

म्हणजे यादी झाली: ५० मिलिसेकंद, ५.५ हर्ट्झ, ९.२ हर्ट्झ. आता या प्रत्येकाला लागणारी विंडो काढता येते.

पायरी २: विंडोची लांबी काढा

विंडो लावून केलेलं फूरिये रूपांतर, म्हणजे सिग्नल वारंवारितांत फोडणारं गणित, ही फिल्टर बँकच आहे. त्यातला प्रत्येक खण हा एक अरुंद फिल्टर, आणि सगळ्या फिल्टरांची रुंदी सारखी. ज्याला सगळे बिन म्हणतात त्याला मी इथे खण म्हणतो. एका खणाचं माप म्हणजे नमुनादर भागिले विंडोतले नमुने. हेच दुसऱ्या बाजूने सांगायचं तर १ भागिले विंडोचा काळ.

४४,१०० च्या दराला ५१२ नमुन्यांची विंडो ११.६ मिलिसेकंदांची होते आणि तिचा खण ८६ हर्ट्झचा. २०४८ ला ४६.४ मिलिसेकंद आणि २१.५ हर्ट्झ. ८१९२ ला १८६ मिलिसेकंद आणि ५.४ हर्ट्झ. ३२,७६८ ला ७४३ मिलिसेकंद आणि १.३५ हर्ट्झ. प्रत्येक वेळी एक चौपट होतं आणि दुसरं चौथाई. ही रांग पाठ असलेली बरी, हाताशी रोज लागते.

पण खण ५.४ हर्ट्झचा आहे म्हणून ५.५ हर्ट्झ अंतरावरच्या दोन रेषा सुट्या दिसतील, हा समज चुकीचा आहे, आणि नवखे नेमके इथेच फसतात. हान विंडोतून (दोन्ही टोकांना हळूहळू शून्यावर उतरणाऱ्या, नेहमीच्या वापरातल्या विंडोतून) गेलेला शुद्ध स्वर एका खणात मावत नाही. त्याचा मुख्य फुगवटा चार खण रुंद असतो, दोन डावीकडे आणि दोन उजवीकडे. त्यामुळे सारख्याच जोराच्या दोन स्वरांसाठी मी असा हिशेब धरतो: अंतर एक खण असेल तर दोन्ही मिळून एकच ढेकूळ दिसतं. दोन खण असेल तर नशिबावर आहे, कारण विंडोच्या मध्यावर दोन्ही लाटा एकसाथ असतील तर मधली दरी भरून जाते आणि विरुद्ध असतील तर खोल दिसते, म्हणजे एका फ्रेममध्ये (विंडोच्या एका जागी मिळणाऱ्या मोजमापात) दोन रेषा आणि पुढच्या फ्रेममध्ये एक. तीन खण असेल तर दरी साधारण ९ डेसिबलची, प्रत्येक फ्रेममध्ये. चार खणांना काम स्वच्छ.

म्हणून नियम असा: विंडोचा काळ = ३ भागिले हवं असलेलं अंतर. गंधाराच्या भांडणासाठी ३ भागिले ५.५ म्हणजे ५४५ मिलिसेकंद, सुमारे २४,००० नमुने. १६,३८४ घेतलं तर तुम्ही नशिबाच्या दोन खणांवर येता. ३२,७६८ घेतलं तर चार खण, अगदी सुटसुटीत. रिषभासाठी ३ भागिले ९.२४ म्हणजे ३२५ मिलिसेकंद.

वेळेकडचा हिशेब याहून सोपा आहे. दोन ठोके वेगळे दिसायला विंडो त्यांच्यातल्या अंतरापेक्षा लहान हवी. ५० मिलिसेकंदांसाठी २०४८ कशीबशी चालते, १०२४ नीट चालते, आणि ठोका नेमका कोणत्या क्षणी पडला हे हवं असेल तर ५१२ किंवा २५६ पर्यंत उतरावं लागतं.

३२५ मिलिसेकंद आणि २३ मिलिसेकंद. एका विंडोत हे दोन्ही मावणार नाही, हे आता तरी कागदावर दिसतं.

पायरी ३: उत्तर माहीत असलेला सिग्नल आधी बनवा

खऱ्या ध्वनिमुद्रणावर थेट जाऊ नका. पायथॉनमध्ये, किंवा जे हाताशी असेल त्यात, दहा सेकंदांचा एक सिग्नल तयार करा. त्यात ६९२.९६ आणि ६९८.४६ हर्ट्झचे दोन शुद्ध स्वर सारख्या जोराने ठेवा. दर अर्ध्या सेकंदाला दोन-दोन मिलिसेकंदांच्या खरखरीचे चार ठोके ५० मिलिसेकंदांच्या अंतराने टाका. शेवटच्या दोन सेकंदांत एक सरकता स्वर घाला, अर्ध्या सेकंदात १३८.६ पासून २०७.९ पर्यंत जाणारा, म्हणजे षड्जापासून पंचमापर्यंतची मींड. फाइल वेव्ह स्वरूपात ठेवा आणि लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठात घडलेल्या सॉनिक व्हिज्युअलायझर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडा. त्यात स्पेक्ट्रोग्रामचे थर एकाखाली एक लावता येतात. एका थराची विंडो १०२४, दुसऱ्याची ४०९६, तिसऱ्याची ३२,७६८ अशी ठेवा.

आता ७०० हर्ट्झच्या आसपास पाहा. १०२४ आणि ४०९६ च्या थरांत तिथे एकच जाड रेषा आहे आणि ती दर १८२ मिलिसेकंदांनी विझते आणि पेटते. ३२,७६८ च्या थरात दोन बारीक रेषा आहेत, समांतर आणि स्थिर, कुठेही विझत नाहीत.

या चित्रापाशी थोडं थांबायला हवं, कारण सगळा विषय इथे आहे. दोन्ही चित्रं खरी आहेत. सिग्नल एकच. आखूड विंडोला तो हेलकावा म्हणून दिसतो, लांब विंडोला दोन स्वर म्हणून. हेलकाव्याचा काळ विंडोत मावला नाही की तो ‘वेळ’ होतो आणि विंडोत अनेकदा मावला की तो ‘स्वर’ होतो. ‘बरोबर चित्र कोणतं?’ हा प्रश्न मग उरत नाही. जोड मिळवणाऱ्याला हेलकावा हवा असतो, कारण मणी फिरवताना त्याचा वेग ऐकायचा असतो. कोणता स्वर किती सेंटने चढा आहे हे सांगणाऱ्याला दोन रेषा हव्या असतात.

आवाजातही हेच आहे, फक्त वेगाने. प्राट या ध्वनिविश्लेषणाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रोग्रामची विंडो मुळात ५ मिलिसेकंदांची, म्हणजे २६० हर्ट्झ रुंदीची असते. पुरुषाच्या आवाजात तिच्यातून स्वरतंतूंचा एकेक झटका उभ्या रेघेसारखा दिसतो. तीच विंडो ३० मिलिसेकंदांची केली की रुंदी ४३ हर्ट्झवर येते, उभ्या रेघा नाहीशा होतात आणि आडवे हार्मोनिक उभे राहतात. रेघा आणि हार्मोनिक ही एकाच कंपनाची दोन रूपं.

पायरी ४: विंडोचा आकार

लांबी ठरली की आकार. इथे फार वेळ घालवू नका. चौकोनी विंडोचा मुख्य फुगवटा सर्वांत अरुंद, दोन खण. पण तिच्या बाजूच्या शेपट्या मुख्य शिखरापेक्षा फक्त १३ डेसिबलने खाली असतात. हानचा फुगवटा चार खण, शेपट्या ३१ डेसिबल खाली आणि पुढे झपाट्याने उतरणाऱ्या. हॅमिंगचा फुगवटाही चार खण, शेपट्या सुमारे ४३ डेसिबल खाली, पण दूरवर तशाच रेंगाळणाऱ्या. ब्लॅकमनचा सहा खण, शेपट्या ५८ डेसिबल खाली.

संगीतासाठी हान घ्या आणि पुढे चला. अपवाद एकच: जोरकस स्वराशेजारी अतिशय क्षीण स्वर शोधायचा असेल तर. खर्जाच्या हार्मोनिकांच्या पायथ्याशी गायकाचा एखादा कमजोर हार्मोनिक हवा असेल तर हानच्या शेपट्या त्याला झाकून टाकतात. तिथे ब्लॅकमन घ्या, आणि तिचा फुगवटा दीडपट असल्याने विंडोही दीडपट लांब करा. फुकट काही मिळत नाही.

पायरी ५: दोन फसवे उपाय ओळखून ठेवा

पहिला, शून्य भरणं. १०२४ नमुन्यांच्या पुढे शून्यं लावून १६,३८४ चं रूपांतर केलं की चित्र गुळगुळीत होतं, खण २.७ हर्ट्झचे दिसतात, आणि वाटतं की बारकावा आला. आलेला नसतो. फुगवटा तेवढाच रुंद राहतो, फक्त त्याच्या चढणीवर जास्त ठिपके पडतात. ६९२.९६ आणि ६९८.४६ हे दोघे त्या ढेकळात होते तसेच मिसळलेले राहतात. चाचणी सिग्नलवर एकदा स्वतः करून पाहा, पुन्हा कधी फसणार नाही.

दुसरा, विंडो फार बारीक पावलांनी सरकवणं. ८१९२ ची विंडो ६४ नमुन्यांच्या पावलाने सरकवली की दर दीड मिलिसेकंदाला एक फ्रेम मिळते, पण प्रत्येक फ्रेम अजूनही १८६ मिलिसेकंदांचं सरमिसळ ऐकते. तिरकिटाचे चार बोल त्यात वेगळे होत नाहीत. शून्य भरण्याचाच हा वेळेतला भाऊ.

दोन्हींचा उपयोग मात्र आहे, आणि तो सोडू नये. एकच सुटा स्वर असेल तर त्याचं शिखर खणापेक्षा कितीतरी बारीक मोजता येतं. शिखराच्या आजूबाजूच्या तीन खणांतून परवलय बसवा, किंवा लागोपाठच्या दोन फ्रेममधल्या फेजचा, म्हणजे लाट आपल्या फेऱ्यात कुठे आहे त्याचा, फरक घ्या. आवाज फ्रेमांत मोडून पुन्हा जोडणारा फेज व्होकोडर याच फेजवर उभा आहे. फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी तो १९६६ साली मांडला. गोंगाट कमी असेल तर अशाने एका खणाच्या कितीतरी लहान भागापर्यंत वारंवारिता मिळते. एका स्वराचं ठिकाण अचूक सांगणं ही एक गोष्ट आणि दोन स्वर वेगळे करणं ही दुसरी. पहिलीला गॅबॉरची सीमा आडवी येत नाही, दुसरीला येते. विंडोत शिखर एकट्याचंच आहे याची खात्री नसेल, तर त्या अचूक आकड्यावर विश्वास ठेवू नका. हार्मोनियमचा गंधार आणि तंबोऱ्याचा गंधार मिळून तुम्हाला मधलाच एक तिसरा आकडा, दोन दशांश स्थळांपर्यंत, ठामपणे दिला जाईल.

आयआयआर फिल्टर, म्हणजे आपलंच आधीचं उत्तर पुन्हा आत घेणारे फिल्टर, वापरले की या कटकटीतून सुटका होते, असंही काही जण सांगतात. होत नाही. ५ हर्ट्झ रुंदीचा अनुनादी फिल्टर ठोका खाल्ल्यावर ६४ मिलिसेकंदांच्या कालांकाने शमतो. ६० डेसिबल खाली यायला त्याला सुमारे ०.४४ सेकंद लागतात. गणना स्वस्त होते, एवढंच. घंटा जितकी सुरेल, तितकी ती जास्त वेळ घुमते.

पायरी ६: कोणता हार्मोनिक वाचायचा ते निवडा

मला स्वतःला सर्वांत जास्त उपयोगी पडलेली युक्ती ही आहे. रिषभ आणि षड्ज मूळ वारंवारितेत ९.२४ हर्ट्झ दूर आहेत, म्हणून ३२५ मिलिसेकंद लागतात. पण दोघांचे चौथे हार्मोनिक चौपट दूर जातात, ३७ हर्ट्झ. मग विंडो चौथाईवर येते. आठवा हार्मोनिक घेतला तर आणखी निम्मी.

मात्र आंधळेपणाने वर चढू नका. खर्जाची तार सगळ्या पटावर दर ६९.३ हर्ट्झवर एक रेषा मारत जाते. कोमल रिषभाचा आठवा हार्मोनिक ११८२.६ हर्ट्झवर येतो आणि खर्जाचा सतरावा ११७८ वर, म्हणजे अंतर ४.६ हर्ट्झ. षड्जापासून पळालो आणि खर्जाच्या तोंडी पडलो. सातव्याची तीच गत, तो खर्जाच्या पंधराव्यापासून ४.६ हर्ट्झवरच आहे. चौथा मात्र मोकळ्या जागेत उभा आहे: तो ५९१.३ वर, खाली षड्जाचा चौथा ५५४.४ वर, वर खर्जाचा नववा आणि मंद्र पंचमाचा सहावा दोन्ही ६२३.७ वर. सर्वांत जवळचा शेजारी ३२ हर्ट्झवर. ३ भागिले ३२.३ म्हणजे ९३ मिलिसेकंद, आणि ४०९६ नमुन्यांची विंडो बरोबर तेवढीच. मूळ स्वरासाठी ३२५ लागत होते, आता ९३ पुरतात.

प्रत्येक रागासाठी असा एक तक्ता करून ठेवा: गायकाच्या प्रत्येक स्वराचे पहिले आठ हार्मोनिक आणि तंबोऱ्याच्या तिन्ही स्वरांच्या रेषा. पंचमाऐवजी मध्यम लावला असेल तर तक्ता बदलतो, हे विसरू नका.

पायरी ७: मींड असेल तर विंडोला वरचीही मर्यादा आहे

आतापर्यंत स्वर स्थिर आहेत असं धरलं. आपल्या गायकीत ते क्वचितच खरं असतं. स्वर सरकत असेल तर लांब विंडो त्याला फासून टाकते, आणि विंडो वाढवावी तशी रेषा आणखी जाड होते.

हिशेब असा. षड्जापासून पंचमापर्यंतची मींड अर्ध्या सेकंदात झाली तर स्वर सेकंदाला सुमारे १३९ हर्ट्झच्या वेगाने सरकतो. विंडोच्या काळात तो जितका सरकला ते एक जाडेपण, आणि विंडोमुळे येणारं एक जाडेपण. दोन्ही जिथे सारखी होतात ती विंडो सर्वांत चांगली: तिचा काळ म्हणजे १ भागिले सरकण्याच्या वेगाचं वर्गमूळ. १३९ चं वर्गमूळ ११.८, म्हणून ८५ मिलिसेकंद. ४०९६ ची विंडो इथे ठीक बसते.

पण वरच्या पायरीत चौथ्या हार्मोनिकवर गेलो होतो. तो चौपट वेगाने सरकतो, सेकंदाला ५५४ हर्ट्झ, आणि त्याला सोयीची विंडो ४२ मिलिसेकंदांची. ९३ च्या विंडोत तो पन्नासएक हर्ट्झ फासला जातो आणि शेजाऱ्यांना भिडतो. म्हणून ठेहराव असलेल्या जागी चौथा हार्मोनिक वाचा, मींडेच्या जागी पहिला किंवा दुसरा. मींडेत तंबोऱ्याच्या रेषा स्थिर आणि गायकाची तिरपी असल्याने दोघे डोळ्यालाही वेगळे कळतात, ही त्यातली सोय.

पायरी ८: एका विंडोवर भागत नसेल तेव्हा

तीन मार्ग आहेत. मी पहिला वापरतो.

तो म्हणजे दोन किंवा तीन फिल्टर बँका शेजारी चालवणं आणि प्रत्येकीला तिचाच प्रश्न विचारणं. बोलांसाठी ५१२ ची विंडो, १२८ चं पाऊल, आणि फक्त २००० हर्ट्झच्या वरची ऊर्जा. तिथे थापेचा आघात ठळक असतो आणि तंबोरा तुलनेने हलका. स्वरांसाठी ४०९६ किंवा त्याहून लांब, आणि फक्त १२०० हर्ट्झच्या खालचा पट. शेवटी दोन्हींची उत्तरं एकाच कालरेषेवर लावा. जोडताना प्रत्येक फ्रेमची वेळ विंडोच्या मध्याची धरा, सुरुवातीची नको. सुरुवातीची धरली तर दोन्ही बँकांत ४०९६ आणि ५१२ यांच्या फरकाच्या निम्मं, म्हणजे ४१ मिलिसेकंद अंतर पडतं आणि प्रत्येक स्वर तबल्याच्या आधीच लागल्यासारखा दिसतो.

तबल्याचा दायाँ मात्र दोन्ही बँकांत प्रश्न विचारतो. शाईमुळे त्याचे अधिस्वर जवळजवळ पूर्णांक पटीत येतात. सी. व्ही. रामन यांनी एस. कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं. म्हणून ‘ना’ आणि ‘तिं’ हे ठोकेही आहेत आणि स्वरही. षड्जाला लावलेला दायाँ लांब विंडोत तंबोऱ्याच्या रेषांवरच जाऊन बसतो. तिथे षड्ज अचानक उजळला, तर आखूड विंडोत त्याच क्षणी बोल पडला का, ते पाहून मगच तो गायकाच्या खात्यावर टाका.

दुसरा मार्ग स्थिर-क्यू रूपांतराचा, ज्युडिथ ब्राउन यांनी १९९१ साली मांडलेला. यात फिल्टरची रुंदी त्याच्या वारंवारितेच्या प्रमाणात वाढते. क्यू म्हणजे फिल्टरची वारंवारिता भागिले त्याची रुंदी. सप्तकाचे २४ भाग केले तर क्यू साधारण ३४, आणि विंडोचा काळ म्हणजे क्यू भागिले वारंवारिता. खर्जाला, ६९.३ हर्ट्झवर, अर्धा सेकंद; पाच सप्तकं वर, २२१७ हर्ट्झवर, फक्त १५ मिलिसेकंद. स्वरलेखनाला हे फार सुंदर आहे, कारण सगळी सप्तकं सारख्या उंचीची दिसतात. पण बायाँ खाली आहे. ‘घे’ चा क्षण अर्ध्या सेकंदाच्या विंडोत हरवतो, आणि त्यावरची घसीटही. ठेका वाचायचा असेल तर स्थिर-क्यू एकट्यावर विसंबू नका. कानाची रचनाही थोडी अशीच आहे: १०० हर्ट्झला श्रवणफिल्टर सुमारे ३५ हर्ट्झ रुंद, १००० ला सुमारे १३३. पण खालच्या पट्ट्यांत कान स्थिर-क्यूपेक्षा बराच रुंद राहतो, म्हणून त्याला घसीट नीट कळते.

तिसरा मार्ग सिग्नल पाहून विंडो बदलणं. एमपी३ हेच करतं. एरवी ते ५७६ वारंवारिता-रेषांनी काम करतं, प्रत्येकी ३८ हर्ट्झ. आघात आला की १९२ रेषांच्या आखूड तुकड्यांवर उतरतं. एएसी या तशाच दुसऱ्या संक्षेप-स्वरूपात हेच १०२४ आणि १२८ असं आहे. न बदललं तर काय होतं? संक्षेपाची खरखर सगळ्या लांब तुकड्यावर सारखी पसरते, आणि ठोक्याच्या आधीच्या शांततेत ‘श्श’ ऐकू येतं. त्याला पूर्वप्रतिध्वनी म्हणतात. ठोक्यानंतरची खरखर ठोका झाकतो. आधीची मात्र कान फक्त काही मिलिसेकंदच माफ करतो. एक लांब विंडो सोडून आखूडवर जाताना मध्ये संक्रमणाचा खास आकार लागतो, नाहीतर जोडावर आवाज तुटतो.

यातून विश्लेषणासाठी एक व्यवहाराची गोष्ट निघते. कमी बिटरेटच्या एमपी३ वरून बोलांचे क्षण मिलिसेकंदांत मोजू नका. कुणाच्या तरी फिल्टर बँकेने ते आधीच एकदा फासलेले आहेत. मूळ वेव्ह किंवा फ्लॅक (काहीही न गमावता संक्षेप केलेली फाइल) मिळवा. मुळात एमपी३ असलेली फाइल फ्लॅकमध्ये बदलून उपयोग नाही.

पायरी ९: थेट कार्यक्रमात चालवायचं असेल तर विलंब मोजा

ध्वनिमुद्रणावर काम करताना पुढचे नमुने हाताशी असतात. मंचावर नसतात. सममित विंडो किंवा रेषीय फेजचा एफआयआर फिल्टर (ठरावीक संख्येच्या नमुन्यांना गुणक लावून बेरीज करणारा) निदान आपल्या लांबीच्या निम्मा उशीर लावतो. अंदाजासाठी सूत्र सोपं आहे: फिल्टरचे गुणक = डेसिबलमधली दाबणूक भागिले २२, गुणिले नमुनादर, भागिले संक्रमणाची रुंदी (आवाज जाऊ देणाऱ्या आणि दाबणाऱ्या पट्ट्यांमधलं अंतर). ६० डेसिबल आणि २० हर्ट्झ मागितले तर सुमारे ६००० गुणक, आणि ६८ मिलिसेकंदांचा उशीर. आधी ठरवलेलं तिरकिट आठवा: एवढ्या वेळात पुढचा बोल पडून गेलेला असतो. थेट चालणाऱ्या लयीच्या साधनात म्हणून फक्त आखूड बँक ठेवा, आणि स्वर दाखवणारा पडदा शंभरेक मिलिसेकंद मागे राहिला तर राहू द्या. गायक ठेहरावात पाहतो, तानेत नाही.

शेवटची तपासणी

सगळं लावून झालं की चाचणी सिग्नल खऱ्या ध्वनिमुद्रणात हलक्या आवाजात मिसळा आणि पूर्ण साखळी पुन्हा चालवा. चार ठोके ५० मिलिसेकंदांवर चारच निघतात का, पाच किंवा तीन नाहीत ना? ६९२.९६ आणि ६९८.४६ दोन्ही सापडतात का, की तंबोऱ्याच्या खऱ्या गंधाराने एकाला गिळलं? मींडेचा उतार सेकंदाला १३९ हर्ट्झच्या आसपास येतो का? जो प्रश्न चुकेल, त्याचीच विंडो बदला, बाकीच्यांना हात लावू नका. मग तंबोऱ्याची तार किती वेळ वाजते तेही एकदा मोजा. चार सेकंदांनंतर ती गोंगाटात बुडत असेल, तर त्याहून लांब विंडो लावून मिळणारा बारकावा तारेचा नसतो, खोलीतल्या पंख्याचा असतो.